तालुक्याचं स्टेडियम, गावाचं मैदान

खेळाच्या स्टेडियमवर सरकारने पैसा खर्च करावा का, ही चर्चा आपल्याकडे निघते ती बहुधा मुंबई-पुण्याच्या क्रिकेटवरून, आणि क्रिकेटपाशीच संपते. महाराष्ट्रात हा प्रश्न खरा ठिकठिकाणी उभा राहतो तो तालुक्याच्या गावी. २००१ च्या राज्य क्रीडा धोरणानंतर विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तीन पातळ्यांवर क्रीडा संकुलं उभी करायचं ठरलं. तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा बरीच वर्षं एक कोटी रुपये होती. २०२० च्या अर्थसंकल्पात ती पाच कोटींवर नेण्याची घोषणा झाली. राज्यात साडेतीनशेहून अधिक तालुके आहेत. प्रत्येकाला मर्यादेइतकी रक्कम द्यायची म्हटली तर आकडा साडेसतराशे कोटींच्या वर जातो, आणि त्यात जिल्हा व विभागीय संकुलं धरलेली नाहीत. एखाद्या मोठ्या क्रिकेट स्टेडियमपेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी आहे. पण ती राज्यभर विखुरलेली असल्याने तिच्यावर अग्रलेख येत नाहीत.

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत, त्यातला एक जिंतूर. या तालुक्यातलं चारठाणा हे चालुक्य-यादव काळातल्या मंदिरांसाठी, बारवेसाठी आणि उंच कोरीव स्तंभासाठी इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असलेलं गाव. ते तालुक्याचं ठिकाण मात्र नाही. म्हणजे सरकारची योजना कागदावर आहे तशी अगदी चोख राबवली, एक रुपयाही इकडेतिकडे गेला नाही, तरी संकुल होणार ते जिंतूरला. चारठाण्यात सातवीत शिकणारी एखादी मुलगी शाळा सुटल्यावर एसटी पकडून जिंतूरला जाईल, तासभर खो-खो खेळेल आणि दिवेलागणीच्या आत घरी परतेल, असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. खेळावरच्या सरकारी खर्चाला मोजपट्टी लावायची असेल तर ती याच मुलीची लावावी. तिच्या पायाखाली काही आलं का? आलं असेल तर खर्च योग्य. नसेल, तर उद्‌घाटनाला कोण आलं होतं आणि गॅलरी किती हजारांची आहे, या गोष्टींना फारसा अर्थ उरत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: खेळण्यासाठी लागणारी जागा सरकारने द्यावी, हक्काने द्यावी आणि आज देतं त्याहून जास्त द्यावी. बघण्यासाठी लागणारी जागा मात्र सार्वजनिक पैशातून बांधू नये. अगदी बांधायचीच तर सगळ्यात शेवटी बांधावी. ‘स्टेडियम’ म्हटलं की या दोन्ही गोष्टी एकाच अंदाजपत्रकात येतात आणि पहिलीच्या नावाखाली दुसरी मंजूर होऊन जाते. घोळ होतो तो इथे.

आधी मोठ्या स्टेडियमांचं पाहू, कारण त्यांचा हिशेब जगभर मांडून झालेला आहे. अमेरिकेत शहरांनी आणि राज्यांनी व्यावसायिक संघांसाठी करदात्यांच्या पैशातून स्टेडियमं बांधण्याचा सपाटा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लावला. रोजगार वाढेल, हॉटेलं चालतील, कर गोळा होईल, अशी आश्वासनं होती. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये अशा स्टेडियमांच्या अभ्यासांचा एक संग्रह संपादित केला. या गुंतवणुकीतून स्थानिक अर्थव्यवस्थेला म्हणावा असा परतावा मिळाल्याचं त्यात कुठेच आढळलं नाही. त्यानंतर पंचवीस वर्षं झालेल्या संशोधनाने हा निष्कर्ष आणखी पक्काच केला. अर्थशास्त्रात दोन माणसं एका मतावर यायची मारामार, पण या मुद्द्यावर त्यांचं दुर्मीळ एकमत आहे. कारण समजायला अवघड नाही. पुण्यातल्या एखाद्या कुटुंबाने सामन्याच्या तिकिटांवर तीन हजार रुपये खर्च केले, तर ते तीन हजार आकाशातून पडलेले नसतात. सामना नसता तर ते सिनेमाला, हॉटेलात किंवा लोणावळ्याच्या सहलीत गेले असते. शहरातला पैसा या खिशातून त्या खिशात गेला, इतकंच. उलट सिनेमागृहाच्या आणि हॉटेलच्या कमाईतून पगार घेणारी माणसं त्याच शहरात राहतात, तर सामन्याची बरीचशी कमाई फ्रँचायझी, खेळाडू आणि मंडळ यांच्याबरोबर शहराबाहेर जाते. शिवाय आयपीएलचा एक संघ साखळी फेरीत घरच्या मैदानावर साधारण सातच सामने खेळतो. वर्षातल्या सात संध्याकाळींवर हॉटेलवाल्याचा धंदा उभा राहत नाही.

कॅनडातल्या माँट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी स्टेडियम बांधलं. त्याचं कर्ज फिटलं २००६ मध्ये, आणि ते फेडण्यासाठी क्युबेक प्रांताने तंबाखूवर खास कर लावला होता. तीस वर्षं तिथल्या सिगारेट ओढणाऱ्यांनी त्या स्टेडियमचे हप्ते भरले. सेंट लुईस शहरात सार्वजनिक कर्जातून बांधलेलं स्टेडियम १९९५ मध्ये सुरू झालं. ज्या संघासाठी ते चालवलं तो संघ २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेला, आणि हप्ते शहराच्या व राज्याच्या गळ्यात राहिले.

आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर असतं: आमची क्रिकेट स्टेडियमं सरकारने बांधलेली नाहीत, ती संघटनांनी बांधली. हे वरवर खरं आहे. ब्रेबॉर्न १९३७ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने बांधलं. पुढे सामन्यांच्या जागावाटपावरून त्या क्लबचं आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेचं बिनसलं. संघटनेने हाकेच्या अंतरावर स्वतःचं वानखेडे उभं केलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. चर्चगेटसारख्या ठिकाणी, चालत दहा मिनिटांच्या आत दोन कसोटी स्टेडियमं! वानखेडेची जमीन राज्य सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली आहे. चर्चगेटच्या जमिनीचा बाजारभाव ज्याला माहीत आहे त्याला या भाडेपट्ट्यात दडलेली सवलत किती मोठी आहे, हे सांगायला नको. ती अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसत नाही, त्यामुळे ती कुणाला बोचतही नाही.

जमिनीखेरीज बंदोबस्त आहे. आयपीएलच्या सामन्यांना पुरवलेल्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क राज्य सरकारने २०२३ मध्ये कमी केलं, आणि तेही मागच्या वर्षांना लागू होईल अशा रीतीने. हे प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे गेलं आणि न्यायालयाने सरकारला त्याचा जाब विचारला. आणि पाणी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागत होतं. त्याच दिवसांत खेळपट्ट्या आणि हिरवळ भिजवण्यासाठी लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात आला, आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश न्यायालयाने दिला. अंतिम सामनाही मुंबईऐवजी बंगळुरूला झाला. न्यायालयाच्या त्या आदेशाने मराठवाड्याला पाणी मिळालं का, हा वेगळा वाद आहे. मिळालं नाही असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. पण स्टेडियम ‘खासगी’ असलं तरी ते सार्वजनिक साधनांवरच चालतं, एवढं त्या प्रकरणाने उघड्यावर आणलं.

पुण्याजवळचं गहुंजे स्टेडियमही इथे बघण्यासारखं आहे. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने ते बांधलं आणि २०१२ मध्ये ते सुरू झालं. नाव देण्याच्या बदल्यात पैसे देणाऱ्या उद्योगसमूहाशी करार फिसकटला, बँकांचं कर्ज थकलं आणि २०१८ च्या सुरुवातीला बँकांनी स्टेडियमचा सांकेतिक ताबा घेतला. पुढे गाडी रुळावर आली आणि २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने तिथे झाले, हेही सांगितलं पाहिजे. मुद्दा असा, की ज्या खेळाकडे देशातला सगळ्यात जास्त पैसा आहे, ज्याची तिकिटं काळ्या बाजारात विकली जातात, त्या खेळाचं स्टेडियमसुद्धा नुसत्या प्रेक्षकांच्या भरवशावर कर्जात रुतू शकतं. मग तालुक्याच्या गावी दोन-तीन हजारांची गॅलरी कशाच्या भरवशावर चालणार?

तालुक्याच्या संकुलाच्या आराखड्यात साधारणपणे धावपट्टी असते, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलची मैदानं असतात, बंदिस्त हॉल असतो, आवारभिंत असते आणि प्रेक्षक गॅलरी असते. अनुदान हप्त्याहप्त्याने येतं. जो भाग सिमेंटचा, जो लांबून दिसतो आणि ज्याचं बिल मोजमाप पुस्तकात पटकन बसतं, तो आधी उभा राहतो. मातीचं काम मागे पडतं. गॅलरीच्या पायऱ्या तयार आणि समोर गुडघाभर गवत, हे चित्र राज्यातल्या वाचकाला नवं नाही. जिल्हा आवृत्त्यांमध्ये अशा बातम्या दर पावसाळ्यानंतर येतात. याला निव्वळ भ्रष्टाचार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण प्रामाणिक अधिकारी आणि प्रामाणिक कंत्राटदार असला तरी असंच घडण्याचा संभव आहे, कारण योजनेचा पैसा बांधण्यासाठी असतो, राखण्यासाठी नसतो. संकुल समितीने देखभालीचा खर्च स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे शुल्कातून, भाड्यातून, व्यापारी गाळ्यांतून काढावा अशी अपेक्षा असते. ज्या गावात दुष्काळी वर्षी बाजारपेठच अर्धी बंद असते तिथे गाळ्यांच्या भाड्यावर मैदान राखायचं, म्हणजे बैल घेऊन दिला आणि वैरण ज्याची त्याने बघावी, असं झालं.

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. चारठाण्याच्या मंदिरांवर छिन्नी चालत होती त्याच काळाच्या आसपासचा, शके ११२८ चा एक शिलालेख खानदेशात पाटणला आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. मठ बांधला एवढं लिहून लेख थांबत नाही. बाजारातल्या विक्रीवर मठाचा वाटा किती, तेलाच्या घाण्यामागे मठाला तेल किती, याची तरतूद त्यात कोरून ठेवली आहे. मठ चालणार कशावर, हे मठाबरोबरच ठरलं होतं. आज एकविसाव्या शतकातल्या संकुलाची कोनशिला बघितली तर तिच्यावर नावं असतात. घाण्याचं तेल कुठून येणार, ते लिहिलेलं नसतं.

आता मैदानाचा हिशेब गुंठ्यांत करू, कारण गावात जमीन गुंठ्यांतच कळते. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे साधारण सव्वा गुंठा. खो-खोचं २७ बाय १६ मीटर, म्हणजे सव्वाचार गुंठे. व्हॉलीबॉलचं १८ बाय ९, दीड गुंठ्याहून थोडं अधिक. भोवतालची मोकळी जागा धरून आणि कडेने दोनशे मीटरची धावण्याची वाट आखून हे सगळं दीड-दोन एकरांत बसतं. चारशे मीटरची प्रमाणित धावपट्टी हवी असेल तर मात्र १७७ बाय ९३ मीटर, म्हणजे चार एकरांहून अधिक सपाट जागा लागते. चार एकर सलग, सपाट, सरकारी जमीन गावाजवळ मिळणं किती अवघड आहे ते तलाठ्याला विचारावं. म्हणूनच कितीतरी ठिकाणी संकुल गावापासून दूर, माळावर होतं आणि तिथे संध्याकाळी कुणी जात नाही. दीड-दोन एकर मात्र गायरानात, गावठाणालगत किंवा शाळेच्या आवारात निघू शकतात. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या निकषांत शाळेला खेळाचं मैदान असणं धरलेलंच आहे. म्हणजे गावागावांत मैदान ही नवी मागणी नाही. कायद्यात लिहून ठेवलेल्या गोष्टीचाच हा तगादा आहे.

मैदान म्हणजे मोकळी जागा नव्हे, हे मात्र ध्यानात घ्यायला हवं, कारण सरकारी खर्चाची खरी गरज इथेच आहे. परभणी जिल्ह्याची काळी माती कापसाला, ज्वारीला चांगली आणि खेळाला वाईट. उन्हाळ्यात ती भेगाळते. त्या भेगेत पाऊल मुरगळलं तर मुलगी महिनाभर लंगडते. पावसात तीच माती चपलेला किलो-किलोचे गोळे करून चिकटते. खेळायचं मैदान करायचं तर वरचा काळा थर काढावा लागतो, खाली खडी, तिच्यावर जाड मुरूम, मग बारीक मुरूम आणि शेवटी चाळलेली माती पसरावी लागते. प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा. मध्यभाग किंचित उंच ठेवून कडेला उतार आणि चर काढायचे, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. खो-खोचे खांब जमिनीच्या वर १२० सेंटीमीटर राहतील असे आणि हलणार नाहीत असे पुरायचे. खांबाला धरून वळणाऱ्या मुलीचा सगळा भार त्याच्यावर येतो. दर पावसाळ्यानंतर हे मैदान पुन्हा दाबून घ्यावं लागतं, चुन्याच्या रेषा पुन्हा आखाव्या लागतात. यासाठी एक माणूस लागतो, वर्षभर, पगारी. गॅलरीच्या एका पायरीच्या खर्चात या माणसाचे किती महिन्यांचे पगार निघतील, हे अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याने एकदा मांडून दाखवावं.

खेळणारे कोण, हा प्रश्नही शहरातून नीट दिसत नाही. मराठवाड्यात पहाटे रस्त्यांवर धावणारी मुलं-मुली दिसतात. त्यांतली बहुसंख्य ऑलिंपिकसाठी धावत नाहीत, पोलीस भरतीसाठी धावतात. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. चारशे मीटरच्या पट्टीवर १६०० मीटर म्हणजे बरोबर चार फेऱ्या. कितव्या फेरीला दम लागतो, वेग कुठे धरायचा, हे पट्टीवरच कळतं. डांबरी रस्त्यावर अंतराची खूण मैलाच्या दगडाची, आणि पाठीमागून उसाचा ट्रॅक्टर नाहीतर वाळूचा टिप्पर. गोळा कुठे फेकायचा हा आणखी वेगळा प्रश्न. कोरडवाहू घरातल्या मुलासाठी ही नोकरी म्हणजे पुढच्या तीस वर्षांचा पगार असतो. तेव्हा मैदान हा त्याच्या दृष्टीने करमणुकीचा विषय नाहीच. परभणीचीच ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. धावण्याची हौस आणि दम या जिल्ह्यात आहे, हे कुणी सिद्ध करून दाखवायची गरज उरलेली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो पदकांचा. मुरमाच्या मैदानावर ऑलिंपिकवीर घडत नाहीत, त्यांना सिंथेटिक ट्रॅक आणि आंतरराष्ट्रीय दर्जाचं स्टेडियम लागतं, असं म्हणतात. यात अर्धं सत्य आहे. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, मांडव्याचा. लहानपणी शाळेचं अंतर पायी कापणारा हा मुलगा सैन्यात गेला, तिथे धावायला लागला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेऊन आला. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची; २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. दोघंही दुष्काळी पट्ट्यातली. दोघांनाही पुढच्या टप्प्यावर उत्तम ट्रॅक, प्रशिक्षक आणि आहार मिळाला, तो मिळाला नसता तर ती तिथवर पोहोचलीच नसती. म्हणून विभागाच्या ठिकाणी, शक्य तिथे जिल्ह्याच्या ठिकाणी सिंथेटिक ट्रॅक असावा, त्याला वसतिगृह जोडलेलं असावं आणि आठ-दहा वर्षांनी वरचा थर बदलावा लागतो त्याचे पैसे आधीच बाजूला काढलेले असावेत, हे मी मान्य करतो. पण ट्रॅक आणि स्टेडियम या दोन वस्तू आहेत. साबळेला पळायला ट्रॅक लागला, त्याच्या कडेच्या दहा हजार खुर्च्या लागल्या नाहीत.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण दर ऑलिंपिकला सांगतो आणि तिच्यातला नेमका धडा सोडून देतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरच्या कुस्तीची सवय नव्हती. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवलं, आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. त्या वेळी सरकारने काय द्यायला हवं होतं? एक गादी, एक प्रशिक्षक आणि जाण्यायेण्याचं भाडं. यात स्टेडियम कुठेही बसत नाही.

दुसरा आक्षेप कोल्हापूरहूनच येईल आणि तो वजनदार आहे. खासबागचं कुस्ती मैदान शाहू महाराजांनी संस्थानच्या खर्चाने बांधलं, १९१२ मध्ये ते खुलं झालं, हजारो प्रेक्षक तिथे बसतात आणि शंभर वर्षांनंतरही तिथे कुस्त्या होतात. मग सरकारने प्रेक्षकांसाठी बांधू नये असं कसं म्हणता? याचं उत्तर खासबागच्या रचनेतच आहे. तिथे मध्ये हौदा आहे आणि भोवती उतार. बसायला मातीचा उतारच पुरतो. खर्च झाला तो मुख्यतः कुस्तीसाठी. दुसरं, खासबाग झालं तेव्हा कोल्हापुरात पेठापेठांत तालमी घुमत होत्या. महाराजांनी आधी मल्ल पोसले, त्यांच्या खुराकाची सोय केली, आणि मग त्यांच्या कुस्त्या बघायला जागा केली. आपण गॅलरी आधी बांधतो आणि खेळाडू येतील अशी वाट बघतो. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सरकारने बांधलं, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. तिथेही जो भाग रोज उपयोगी पडतो तो क्रीडा प्रबोधिनीच्या मुलांच्या सरावाचा आहे. मोठ्या स्पर्धा अधूनमधूनच येतात. मधल्या काळात मावळ लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी मात्र तिथे नेमाने होते.

मग नाट्यगृहं सरकारी पैशाने का चालतात, असंही कुणी विचारेल. नाटक प्रेक्षकाशिवाय होतच नाही. खुर्ची हा नाटकाचा भाग आहे. खो-खो प्रेक्षकाशिवाय रोज होतो आणि झाला पाहिजे.

गावातून येणारा आक्षेप वेगळा असतो आणि माझ्या मते सगळ्यांत विचार करण्यासारखा असतो. मोकळं मैदान गावात टिकत नाही, तिथे पक्कं काही बांधलं तरच जागा वाचते, असं लोक म्हणतात. अनुभवाचा बोल आहे. मोकळ्या जागेवर आधी उकिरडा येतो, मग टपरी, मग लग्नाचा मांडव, आठवडी बाजाराची चार दुकानं आणि एखाद्या सभेचं हेलिपॅड. गॅलरी निदान सरकारी मालमत्ता म्हणून उभी राहते. पण या दुखण्यावर स्वस्त औषध आहे. सातबाऱ्यावर क्रीडांगण म्हणून नोंद, चारही बाजूंनी भिंत, फाटक, पाण्याचा नळ, चार दिवे आणि कपडे बदलायला दोन खोल्या. शेवटची गोष्ट चैनीची समजू नये. सातवीपर्यंत खेळणाऱ्या मुली आठवी-नववीत मैदान सोडतात, त्यामागे स्वच्छतागृह नसणं आणि अंधार असणं ही दोन कारणं मोठी आहेत. गॅलरीच्या पैशातून या दोन खोल्या आणि चार दिवे कितीतरी गावांत होतील.

आणि ज्या जिल्ह्यात शेतीमालाला भाव नाही, पिण्याला पाणी नाही, तिथे खेळावर खर्चच कशाला, हा आक्षेप? तो पाच कोटींच्या इमारतीला लागू पडतो. गावच्या मैदानाला लागू पडत नाही, कारण त्याचा खर्च रस्त्याच्या एखाद्या तुकड्याइतका असतो आणि ते रोज वापरलं जातं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत खेळ हा विषय राज्य सूचीत आहे. म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला मोकळं होता येणार नाही.

तेव्हा तालुका संकुलांची योजना रद्द करा, असं मी म्हणत नाही. तिची मोडणी बदला. तालुक्याला मिळणाऱ्या रकमेतला मोठा वाटा चारठाण्यासारख्या मोठ्या गावांतल्या मुरमाच्या मैदानांसाठी राखून ठेवा. प्रत्येक मैदानामागे एका राखणाऱ्याचा पगार पुढची दहा वर्षं बांधून द्या आणि तो मंजूर झाल्याशिवाय बांधकामाचा पहिला हप्ता सोडू नका. गॅलरी मागायची असेल तर आधी दोन वर्षं मैदानावर रोज किती मुलं-मुली येतात याची हजेरी दाखवायची अट घाला. क्रिकेट संघटनांना जमीन, पाणी, बंदोबस्त द्यायचा असेल तर बाजारभावाने द्या आणि ते पैसे या राखणाऱ्यांच्या पगाराला जोडा.

हे मुंबईत आपोआप ठरणार नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या: आपल्या गावात क्रीडांगण म्हणून नोंदलेली जमीन कोणत्या गटात आहे, ती आज कुणाच्या ताब्यात आहे, आणि तालुक्याच्या संकुलाच्या देखभालीवर गेल्या वर्षी किती रुपये खर्च झाले?